अ‍ॅमेझॉनचे चंद्रफूल

निवडुंग म्हटले की रणरणते ऊन, खडकाळ माळ आणि काट्यांचे कुंपण असेच चित्र आपल्या मनासमोर उभे राहते. या चित्राला पूर्णपणे छेद देणारा एक निवडुंग दक्षिण अमेरिकेत, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात आढळतो. तो जमिनीत रुजत नाही, तर झाडाच्या खोडाला बिलगून वाढतो. त्याचे वास्तव्य वाळवंटात नसून वर्षातील कित्येक महिने पुराच्या पाण्यात उभ्या असणाऱ्या अरण्यात असते. त्याचे प्रत्येक फूल केवळ एका रात्रीपुरते उमलते आणि दिवस उजाडेपर्यंत मान टाकते. वनस्पतिशास्त्रात त्याला ‘स्ट्रोफोकॅक्टस विटी’ असे नाव आहे. अनेक ग्रंथांत तो ‘सेलेनिसेरिअस विटी’ या नावानेही सापडतो. सर्वसामान्यांत मात्र तो ‘अ‍ॅमेझॉनचे चंद्रफूल’ म्हणूनच ओळखला जातो. या फुलाच्या अल्पायुष्याविषयी बरेच काव्यमय लिहिले गेले आहे. परंतु त्याची खरी गोष्ट आहे ती परागीभवनाची, म्हणजे एका फुलातील पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचवण्याच्या व्यवस्थेची; आणि ती काव्यापेक्षा अधिक विलक्षण आहे.

निवडुंगांचे कुल मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडील फड्या निवडुंग हा तिकडून आलेला पाहुणा होय आणि ज्याला आपण त्रिधारी निवडुंग म्हणतो तो तर निवडुंगच नव्हे. त्याचे कुल एरंडाचे. अमेरिकेबाहेर निसर्गतः आढळणारी निवडुंगाची एकच जाती ज्ञात आहे. ‘ऱ्हिप्सॅलिस’ प्रजातीतील ही जाती आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतील झाडांवर लोंबकळते. तीही झाडावर वाढणारी आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. झाडांचा केवळ आधार घेऊन वाढणाऱ्या अशा वनस्पतींना ‘अपिवनस्पती’ म्हणतात. बांडगूळ आणि अपिवनस्पती यांत लोक नेहमी गल्लत करतात. बांडगूळ यजमान वृक्षात मुळे खुपसून त्याचा रस शोषते. अपिवनस्पती फक्त बसायला जागा मागते. सह्याद्रीतील आमरीची फुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा प्रकार अपरिचित नाही.

महाराष्ट्रातील हजारो घरांच्या अंगणांत, गच्चीवर आणि गॅलरीतही असा एक निवडुंग आहे. मात्र तो निवडुंग आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. पावसाळ्यात रात्री उमलणारे आपले ‘ब्रह्मकमळ’ म्हणजे ‘एपिफायलम ऑक्सिपेटॅलम’ हा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील अपिवनस्पती निवडुंग होय. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडचे राज्यपुष्प, हे सूर्यफुलाच्या कुलातले असून त्याचा आपल्या अंगणातील फुलाशी काहीही संबंध नाही. ब्रह्मकमळाचे ‘पान’ कुंडीत खोचले की नवे रोप तयार होते, कारण ते पान नसतेच. ते चपटे झालेले खोड असते. चंद्रफुलाचे खोडही असेच चपटे, पानासारखे असते. तेव्हा अ‍ॅमेझॉनमधील या निवडुंगाची ओळख करून घेताना घरच्या ब्रह्मकमळाची आठवण ठेवली तर बरेच सोपे जाईल.

चंद्रफुलाचे घर कुठे आहे हे आधी पाहू. ब्राझीलमधील मानाउस शहराजवळ रिओ नेग्रो ही विशाल नदी अ‍ॅमेझॉनच्या मुख्य प्रवाहाला मिळते. रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. कुजलेल्या पानांतील द्रव्ये उतरून तिचे पाणी कोऱ्या चहासारखे गडद झालेले असते. ते आम्लयुक्त असून त्यात क्षार व गाळ फारच कमी असतो. दरवर्षी या नदीची पातळी मानाउसपाशी सरासरी दहा मीटर चढते व उतरते, आणि काठचे जंगल अनेक महिने पाण्यात उभे राहते. काळ्या पाण्याच्या या पूरवनांना तेथे ‘इगापो’ म्हणतात. पुराच्या दिवसांत या वनात पायी चालण्याचा प्रश्नच नसतो. झाडांच्या माथ्यांमधून होडी वल्हवावी लागते.

अशा वनात खोडाच्या कोणत्या उंचीवर बस्तान मांडायचे, हा अपिवनस्पतीपुढील जीवनमरणाचा प्रश्न असतो. चंद्रफुलाचा निवडुंग पुराच्या कमाल रेषेच्या आसपासची जागा निवडतो. त्यामुळे मोठ्या पुरात त्याचा काही भाग बुडतो आणि तो ते सहन करतो. निवडुंगाच्या कुलात ही गोष्ट असाधारणच मानावी लागेल. त्याची चपटी खोडे यजमान वृक्षाच्या सालीला इतकी घट्ट चिकटून नागमोडी चढतात, की लांबून पाहणाऱ्याला खोडावर कोणी पाने डकवली आहेत असे वाटावे. खोडाच्या मधल्या शिरेतून फुटणारी मुळे साल धरून ठेवतात आणि कडांना बारीक काटे असतात. उन्हाचा मारा अधिक असेल तेथे ही हिरवी खोडे गडद लाल होतात. एवढे पाणी भोवती असताना निवडुंगाची काटकसर कशाला, असा प्रश्न मनात येईल. पण पूर ओसरला की उघड्या सालीवर मातीही नसते आणि ओलावाही टिकत नाही. झाडाच्या खोडावर राहणे म्हणजे एका अर्थाने उभ्या वाळवंटात राहणेच होय.

या वनस्पतीच्या नावाचा इतिहासही तिच्या खोडासारखाच नागमोडी आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल शूमान यांनी १९०० मध्ये तिचे प्रथम वर्णन केले व मानाउस येथील विट या गृहस्थांच्या नावावरून तिला ‘सेरिअस विटी’ म्हटले. १९१३ मध्ये ब्रिटन व रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी ‘स्ट्रोफोकॅक्टस’ ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. पुढे १९८६ मध्ये तिची रवानगी ‘सेलेनिसेरिअस’मध्ये झाली. चंद्राची ग्रीक देवता सेलिनी हिच्या नावावरून ही प्रजाती ओळखली जाते. २०१७ मध्ये डीएनएच्या आधारे झालेल्या अभ्यासाने ती पुन्हा ‘स्ट्रोफोकॅक्टस’मध्ये परत गेली. गंमत अशी, की त्याच अभ्यासाने ड्रॅगन फ्रूटच्या साऱ्या जाती ‘सेलेनिसेरिअस’मध्ये आणून बसवल्या. म्हणजे चंद्रदेवतेच्या घरातून चंद्रफूल बाहेर पडले आणि सांगली-सोलापूरच्या शेतांत लावले जाणारे ड्रॅगन फ्रूट आत आले!

आता फुलाकडे वळू. मे महिन्याच्या सुमारास, नदीचे पाणी चढलेले असताना, खोडाच्या कडेतून लांबच लांब कळ्या बाहेर येतात. सूर्यास्तानंतर कळी हलू लागते आणि सुमारे दोन तासांत पूर्ण उमलते. शुभ्र, अरुंद पाकळ्यांचे चक्र बाहेर पसरते. मध्ये पुंकेसरांचा झुबका असतो. काळोखात पांढरा रंग उठून दिसतो, हे झाले एक कारण. पण दूरवरच्या पाहुण्याला आमंत्रण जाते ते गंधाने. उमलताना या फुलाला मोठा मधुर सुवास असतो. मात्र काही तासांतच तो पालटतो आणि नकोसा, कुबट वास येऊ लागतो. निशिगंध, जाई, पारिजातक अशी रात्री गंध पसरवणारी फुले आपल्या परिचयाची आहेत. त्यांचे गिऱ्हाईकही बहुधा तेच असते, म्हणजे निशाचर पतंग.

चंद्रफुलाचे वैशिष्ट्य त्याच्या पाकळ्यांत नसून पाकळ्यांच्या मागे असलेल्या नळीत आहे. संपूर्ण फुलाची लांबी सुमारे २५ सेंटीमीटर भरते आणि त्यातील बहुतांश भाग या बारीक, लांब पुष्पनलिकेचा असतो. मकरंद असतो तो नळीच्या अगदी तळाशी. मधमाशी तेथे पोहोचू शकत नाही, भुंगा शिरू शकत नाही आणि वटवाघळाची जीभही तोकडी पडते. निवडुंगांच्या कुलात वटवाघळांसाठी फुलणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. त्यांची फुले रुंद तोंडाची, दणकट आणि भरपूर मकरंदाची असतात. चंद्रफुलाने तो मार्ग सोडून दिला आहे. त्याच्या नळीची लांबी हीच त्याची निवड-परीक्षा होय.

ही परीक्षा उत्तीर्ण होणारे जीव म्हणजे हॉक मॉथ कुलातील पतंग. हे पतंग आकाराने मोठे, पंखांनी बळकट व उड्डाणात तरबेज असतात. फुलावर न बसता, त्याच्यासमोर हवेत स्थिर राहून ते सोंडेने मकरंद शोषतात. आपल्याकडे कण्हेर किंवा तगरीवर बोटाएवढी जाड, हिरवी, डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी पाहिली असेल, तर ती याच कुलातील एका पतंगाची, हे जाणून घ्यावे. विश्रांतीच्या वेळी पतंगाची सोंड घड्याळाच्या कमानीसारखी डोक्याखाली गुंडाळलेली असते. अ‍ॅमेझॉनमधील ‘अ‍ॅम्फिमोइया वॉकेरी’ या जातीची सोंड २८ सेंटीमीटरपर्यंत लांब भरल्याची नोंद आहे. स्वतःच्या शरीराच्या कित्येक पट लांबीचे हे अवयव पाहून निसर्गाची अतिशयोक्ती म्हणजे काय ते कळते.

जर्मनीतील विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या निवडुंगावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. फुलाची मापे, उमलण्याची वेळ व गंधातील द्रव्ये यांचा विचार करून त्यांनी निष्कर्ष काढला, की त्या प्रदेशातील पतंगांपैकी ‘अ‍ॅम्फिमोइया वॉकेरी’ आणि ‘कोकिटियस क्रुएन्टस’ या दोहोंचीच सोंड या कामास पुरेल. हा निष्कर्ष प्रामुख्याने मोजमापावर आधारलेला आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पण असा तर्क पोकळ नसतो, याला फार मोठा पूर्वाधार आहे. १८६२ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी मादागास्करच्या एका आमरीची सुमारे फूटभर लांब मकरंदनळी पाहून, तेवढ्या सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे असे भाकीत केले होते. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६७ मध्ये त्याला दुजोरा दिला. असा पतंग शास्त्रज्ञांच्या हाती आला व १९०३ मध्ये त्याचे वर्णन झाले, तेव्हा डार्विन यांच्या मृत्यूला दोन दशके उलटून गेली होती.

एवढी लांब नळी करून फुलाला काय मिळते? मकरंदाच्या तळापर्यंत सोंड पोहोचवण्यासाठी पतंगाला आपले तोंड नळीच्या मुखाशी अगदी भिडवावे लागते, आणि तेथेच तर पुंकेसर उभे असतात. पराग त्याच्या डोक्याला व सोंडेच्या मुळाला फासले जातात. नळी आखूड असती तर पतंगाने दुरूनच सोंड घालून मकरंद पळवला असता आणि परागांना शिवलाही नसता. दुसरा लाभ असा, की इगापोच्या वनात चंद्रफुलाची झाडे एकमेकांपासून दूरदूर विखुरलेली असतात. कोणत्याही फुलावर हिंडणाऱ्या कीटकाच्या अंगावरील पराग वाटेतच वाया जातील. दूरवर उडणारा, ताकदवान पतंग मात्र ते योग्य जागी पोहोचवण्याची शक्यता अधिक.

तथापि या व्यवहारात समानता नाही, हे फारसे कोणी बोलून दाखवत नाही. फुलाला पतंगावाचून गत्यंतर नाही, पण पतंगाला या फुलावाचून काही अडत नाही. लांब सोंडेने आखूड नळीचा मकरंदही पिता येतो. शिवाय पतंगाचे अर्धे आयुष्य अळी म्हणून जाते आणि अळीला मकरंद नव्हे, पाने लागतात. कोकिटियस प्रजातीच्या अळ्या सीताफळ-रामफळाच्या कुलातील वृक्षांची पाने खाऊन वाढतात. म्हणजे खोडाला चिकटलेल्या या निवडुंगाचे वंशसातत्य दूरवरच्या, त्याच्याशी काहीही नाते नसलेल्या वृक्षांच्या पानांवर अवलंबून आहे. एखादी दुर्मीळ वनस्पती कुंपण घालून वाचवता येते, ही समजूत येथे कोलमडून पडते.

पाहुणा आलाच नाही तर काय होते, याचे उदाहरण पाहण्यासाठी ब्राझीलला जाण्याची गरज नाही. आपल्या ब्रह्मकमळाचे फूलही पांढरे, सुवासिक, लांब नळीचे व रात्री उमलणारे असते. तेही पतंगांसाठीच घडलेले आहे. महाराष्ट्रात मात्र त्याला फळ धरल्याचे क्वचितच ऐकिवात येते. कलमाने वाटली गेलेली ही रोपे बहुधा एकमेकांच्या प्रतीच असल्याने, एखादा पतंग घरोघर हिंडला तरी त्याने नेलेले पराग उपरे नसतात. शेजाऱ्याकडून आणलेल्या ‘पाना’वर आपले भागते म्हणून ही उणीव आपल्याला जाणवत नाही. ड्रॅगन फ्रूटच्या शेतकऱ्याला मात्र फुलाशी नव्हे, फळाशी काम असते. तेथे पहाटे फूल मिटण्यापूर्वी मधमाश्या येऊन जातात. ज्या वाणांना स्वतःचे पराग चालत नाहीत, त्यांच्यासाठी रात्री विजेरी घेऊन ब्रशने परागीभवन करण्याची वेळ येते. पतंगाचे काम किती मेहनतीचे आहे ते त्या शेतकऱ्याला विचारावे.

चंद्रफुलाला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली ती शास्त्रज्ञांनी नव्हे, तर एका चित्रकर्तीने. मार्गारेट मी (मराठीत थोडे गोंधळात टाकणारे असले तरी त्यांचे आडनाव ‘मी’ हेच होते) यांचा जन्म १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १९५२ मध्ये त्या ब्राझीलला गेल्या आणि तेथेच रमल्या. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात त्यांनी पंधरा सफरी केल्या. वनस्पती उपटून आणून चित्र काढण्याऐवजी ती जेथे वाढते तेथेच बसून रंगवण्यावर त्यांचा कटाक्ष असे. चंद्रफुलाचा निवडुंग त्यांना पूर्वीच्या सफरींत भेटला होता. परंतु उमललेले फूल काही वर्षानुवर्षे गवसेना. अखेर मे १९८८ मध्ये, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर असताना, रिओ नेग्रोच्या पूरवनात कळ्या असलेले झाड सापडले. मार्गारेटबाईंनी होडीच्या टपावर बसून, विजेरीच्या उजेडात, रात्रभर त्या फुलाची चित्रे काढली. परागीभवन पाहण्याची त्यांची आशा मात्र सफल झाली नाही. आपल्या उजेडामुळे व वावरामुळेच पतंग फिरकला नसावा, अशी रुखरुख त्यांना लागून राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. चंद्रफुलाची ती चित्रे वनस्पतिचित्रकलेतील अनमोल ठेवा मानली जातात. पण त्यांची ती रुखरुखही शास्त्रीय निरीक्षण म्हणून तितकीच मोलाची वाटते.

त्यानंतर तेहतीस वर्षांनी हेच फूल पाहायला जगभरातील लोक जागे राहिले. केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातील काचगृहात वाढवलेल्या रोपाला २०२१ मध्ये ब्रिटनमधील पहिले फूल आले. कोविडच्या टाळेबंदीमुळे उद्यानाचे काचगृह बंद होते, म्हणून कळीसमोर कॅमेरा लावून तिचे थेट प्रक्षेपण करण्यात आले. फूल रात्री उमलेल अशी सर्वांची अटकळ होती. ते २० फेब्रुवारीला दुपारीच उमलू लागले! सुवास, आणि मागोमाग आलेला दुर्गंध, दोन्हींचा अनुभव अर्थातच उद्यानातील कर्मचाऱ्यांनाच घेता आला. त्या फुलासाठी तेथे पतंग येणे शक्य नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

पतंगाने आपले काम केले की पुढची सूत्रे पाण्याकडे जातात. फळ धरते, त्यात बी तयार होते, आणि या बियांना हवा भरलेल्या पेशींचा जाड भाग असतो, ज्यायोगे त्या पाण्यावर तरंगतात. पक्ष्यांनी फळे खावीत व बिया पसरवाव्यात हा निवडुंगांचा सर्वसाधारण रिवाज; पाण्यावाटे बीजप्रसार करणारा निवडुंग ही अपूर्वाई आहे. तरंगत आलेली बी चढलेल्या पाण्याच्या रेषेवर एखाद्या खोडाच्या भेगेत अडकली, म्हणजे पूर ओसरल्यावर ती नेमक्या योग्य उंचीवर राहते. खोडावर कोठे रुजायचे हा जो प्रश्न आरंभी आला होता, त्याचे उत्तर पूरच देतो.

त्यामुळे या निवडुंगाच्या दृष्टीने पूर ही आपत्ती नसून तो न येणे ही आपत्ती होय. तो नेमाने चढला पाहिजे आणि नेमाने उतरलाही पाहिजे. मानाउसच्या ईशान्येस उआतुमा नदीवर १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाल्बिना धरण उभे राहिले. केवळ २५० मेगावॉट क्षमतेच्या या प्रकल्पाखाली दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र बुडाले. धरणाच्या वरचे जंगल बुडाले हे सर्वांना दिसले. खालच्या बाजूचे इगापो मात्र सावकाश मेले. नदीची चढ-उतार संपल्याने सखल भागातील झाडे वर्षानुवर्षे सतत पाण्यात राहिली आणि पूर सोसणारी म्हणून नावाजलेली तीच झाडे त्या पाण्यात वाळून गेली. उलट २०१५-१६ च्या एल निनोच्या दुष्काळात रिओ नेग्रोकाठची पूरवने आगीत सापडली. आगीची सवय नसलेली ही वने जळाली की सहजासहजी पुन्हा उभी राहत नाहीत. जून २०२१ मध्ये मानाउस बंदरात रिओ नेग्रोची पातळी ३०.०२ मीटर या विक्रमी उंचीवर गेली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती १२.७० मीटरपर्यंत उतरली. शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींत इतकी खालची पातळी तोवर कधीच लागली नव्हती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, नदी त्याहूनही खाली गेली.